विश्लेषण : गाडीत बाहेरून टचस्क्रीन बसवताय? बॅटरी, वॉरंटी आणि विम्याचे गणित काय?

शोरूममधून गाडीचे ‘बेस’ किंवा मधले व्हेरियंट घ्यायचे आणि टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, स्पीकर बाहेरच्या दुकानातून बसवून घ्यायचे, हा मध्यमवर्गीय ग्राहकाचा जुना हिशेब आहे. दुकानात दोन-तीन तासांत काम होते, स्क्रीन झळकते आणि गाडी घरी येते. पण काही दिवसांनी सकाळी गाडी सुरूच होत नाही, स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढणारा घूं-घूं आवाज येतो किंवा नकाशावरचा बाण भलत्याच गल्लीत फिरू लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर उत्तर मिळते, ‘बाहेरून वायरिंग केले आहे, वॉरंटीत बसत नाही’. अशा तक्रारींत दोष अनेकदा स्क्रीनचा नसतो. तो डॅशबोर्डमागच्या न दिसणाऱ्या जोडणीत आणि न केलेल्या कागदपत्रांत असतो. ही जोडणी नेमकी कशी होते, कुठे चुकते आणि चुकल्यास नुकसान कोण सोसते, याविषयी…

बाहेरचा स्टिरिओ बसवण्याकडे कल का?

मुख्य कारण अर्थातच पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि गाड्या स्वस्त झाल्या. तरीही टचस्क्रीन असलेल्या व्हेरियंटसाठी बरीच जास्त रक्कम मोजावी लागते, कारण कंपनी स्क्रीनबरोबर अलॉय व्हील, क्लायमेट कंट्रोल यांसारख्या इतर सुविधांचाही गठ्ठा देते. ज्याला फक्त स्क्रीन हवी आहे, तो पुण्यातील नाना पेठ, मुंबईत कुर्ला किंवा दिल्लीत करोल बाग गाठतो. तिथे काही हजार रुपयांत काम होते.

दुसरे कारण जुन्या गाड्यांचे. अॅपल कारप्ले २०१४ मध्ये आणि अँड्रॉइड ऑटो त्यानंतर वर्षभरात आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत फोनचा नकाशा पडद्यावर दाखवण्याची सोय नव्हती. गाडीचे इंजिन दणकट, पण स्टिरिओ सीडीच्या जमान्यातला, अशी स्थिती असलेले असंख्य मालक गाडी न बदलता स्क्रीन बदलतात. त्यात गैर काही नाही.

पूर्वी सोपे असलेले काम आता अवघड का?

स्टिरिओच्या खाचेचे माप जर्मन मानक संस्थेच्या नावावरून ‘डिन’ म्हणून ओळखले जाते. ‘सिंगल डिन’ म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर आणि ‘डबल डिन’ म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. जुन्या गाड्यांत हे माप ठरलेले, वायरी मोजक्या आणि प्रत्येक वायरीचे काम वेगळे. जुना काढा, नवा बसवा, इतकेच काम होते.

नव्या गाड्यांत दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे स्क्रीन डॅशबोर्डच्या आकाराचाच भाग झाली. त्यामुळे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी फ्रेम लागते. दुसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘कॅन बस’. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गाडीतील अनेक संगणक दोन वायरींच्या एकाच जोडीवर एकमेकांशी बोलतात. वेग, रिव्हर्स गिअर, स्टिअरिंगवरील बटणे यांचे संदेश याच जोडीवरून जातात. मूळ स्टिरिओ हे संदेश समजतो. बाहेरच्या स्टिरिओला ते समजण्यासाठी ‘कॅन बॉक्स’ किंवा डिकोडर नावाची छोटी डबी लागते. ती त्या मॉडेलची नसेल किंवा स्टिरिओच्या सेटिंगमध्ये चुकीची गाडी निवडली असेल, तर बटणे चालत नाहीत.

याहून गंभीर बाब सुरक्षेची आहे. १ जुलै २०१९ पासून देशात नव्या प्रवासी गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर आणि वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. काही मॉडेलमध्ये सेन्सरचे चित्र किंवा इशाऱ्याचा आवाज मूळ स्टिरिओतून येतो. तो स्टिरिओ काढला, की इशाराही जातो. आपल्या गाडीत असे आहे का, हे दुकानात विचारायलाच हवे.

‘कप्लर टू कप्लर’ आणि ‘वायर कट’ यात फरक काय?

दुकानात स्टिरिओ बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत गाडीचा मूळ कप्लर जसाच्या तसा ठेवून त्या मॉडेलसाठी तयार मिळणारा जोड-कप्लर मध्ये लावला जातो. उद्या मूळ स्टिरिओ परत बसवायचा झाल्यास दोन मिनिटांत बसतो. दुसऱ्या पद्धतीत मूळ कप्लर कापून वायरी सोलतात, पिळतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे तापमान बरेच चढते, टेपचा चिकटपणा जातो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी पीळ सैल होतो. मग कधी आवाज येतो, कधी स्क्रीन आपोआप बंद-सुरू होते. कधी उघडी तार शेजारच्या पत्र्याला टेकते.

बाहेरच्या बहुतेक स्टिरिओंत वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीतून कायम येणारा १२ व्होल्ट पुरवठा, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा, काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या चार जोड्या चार स्पीकरच्या असतात. मात्र हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. म्हणून रंगाला रंग जोडणे ही पहिली चूक ठरते. प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासूनच जोडावी लागते.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, की स्टिरिओ चालतो, पण गाडी बंद केल्यावर घड्याळ, रेडिओ स्टेशन आणि सेटिंग विसरतो. ‘रोज नव्याने सेटिंग करावे लागते’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. दुसरी चूक स्पीकरची. आजच्या स्टिरिओंत स्पीकरची उणे वायर अर्थिंगला जोडायची नसते, कारण दोन्ही वायरींवर अॅम्प्लिफायरचा पुरवठा असतो. ती पत्र्याला टेकल्यास आतली आयसी जळू शकते.

एअरबॅगची वायरिंग हा वेगळा इशारा. पिवळ्या रंगाचे कप्लर किंवा पिवळे आवरण असलेल्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू देऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची उणे वायर काढून काही मिनिटे थांबणारा कारागीर जाणकार समजावा.

आगीचा धोका कितपत खरा?

फक्त स्टिरिओ बदलला तर विजेचा भार फार वाढत नाही. पिवळ्या वायरीवर साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो आणि तो पुरेसा ठरतो. धोका दोन ठिकाणी आहे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी मोठा फ्यूज किंवा थेट तार लावणे ही पहिली जागा. फ्यूज स्टिरिओइतकाच वायरीलाही वाचवतो. तो उडतो म्हणजे कुठेतरी दोष आहे. मोठा फ्यूज लावला, की मग फ्यूजऐवजी वायर तापते.

दुसरी जागा म्हणजे डिकीतील वेगळा अॅम्प्लिफायर आणि सबवूफर. खरोखर ५०० वॅट देणाऱ्या अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर त्याला सुमारे ६२५ वॅट लागतात. इंजिन सुरू असताना पुरवठा १३.८ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे सुमारे ४५ अँपिअर प्रवाह. ही वायर बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत पत्र्याच्या कडांवरून, सीटखालून जाते. तिचे आवरण कुठेही घासले गेले आणि मध्ये फ्यूज नसेल, तर बॅटरीतील शेकडो अँपिअर त्या एका जागेतून वाहू शकतात. म्हणूनच मुख्य फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ नव्हे, तर बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, असा संकेत आहे.

वायरीची जातही महत्त्वाची. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. दिसायला ती तांब्यासारखीच, पण वीज वाहून नेण्याची क्षमता साधारण दोन-तृतीयांश. त्याच जाडीची वायर जास्त तापते. टोक खरवडल्यावर आत चंदेरी रंग दिसला, तर ती तांब्याची समजू नये.

पॅकिंगवरच्या ‘४ गुणिले ५० वॅट’ला भुलण्याचेही कारण नाही. १४ व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्टिरिओतील अॅम्प्लिफायर सैद्धांतिकदृष्ट्याही साधारण २५ वॅटच देऊ शकतो. त्यापुढचा आकडा क्षणिक किंवा फाटक्या आवाजाचा असतो.

रात्रीत बॅटरी का उतरते?

गाडी बंद असतानाही घड्याळ, लॉक, अलार्म थोडी वीज घेतात. ती ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर चिंता नाही. आता समजा नव्या स्टिरिओमुळे ती ३०० मिलिअँपिअर झाली. दिवसाला ७.२ अँपिअर-तास खर्च. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर तीन दिवसांत ६० टक्के रिकामी. लाँग वीकेंडनंतर गाडी सुरू न होण्यामागे अनेकदा हे साधे गणित असते.

कारणे ठरलेली आहेत. लाल वायर चावीच्या पुरवठ्याऐवजी कायमच्या पुरवठ्याला जोडलेली असणे, हे पहिले. दुसरे, अँड्रॉइड स्टिरिओ पूर्ण बंद न होता ‘स्लीप’मध्ये राहणे. चावी फिरवताच स्क्रीन लगेच सुरू व्हावी म्हणून ही सोय असते. किती वेळाने पूर्ण बंद व्हायचे, हे अनेक स्टिरिओंच्या सेटिंगमध्ये बदलता येते. तिसरे, डॅशकॅम किंवा अॅम्प्लिफायर कायम सुरू राहणे.

तपासणीही अवघड नाही. गाडी बंद करून, दारे लावून अर्धा ते एक तास थांबायचे, म्हणजे गाडीतील संगणक झोपतात. मग बॅटरीच्या उणे वायरीत मल्टिमीटर जोडून प्रवाह मोजायचा. या वेळी चावी फिरवायची नाही, अन्यथा मीटरचा फ्यूज उडतो. प्रवाह जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढून पाहायचा. आकडा धपकन खाली आला, की चोर सापडला.

इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी आहे, म्हणून ही भीती नाही असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथेही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावरच चालतात. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. इलेक्ट्रिक गाडीतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांच्या आसपास बाहेरच्या कारागिराचे काहीच काम नाही.

घूं-घूं, खरखर आणि काळी स्क्रीन…

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा घूं-घूं आवाज अल्टरनेटरचा असतो. स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या जागी असले किंवा रंग न खरवडता पत्र्यावर स्क्रू मारला असला, की तो स्पीकरपर्यंत पोहोचतो. दुकानदार फिल्टर विकतो, पण आधी अर्थिंग नीट करावे. तसेच आवाजाची केबल गाडीच्या एका बाजूने आणि विजेची दुसऱ्या बाजूने न्यावी.

नवा स्टिरिओ आल्यावर रेडिओची स्टेशन लागत नसतील, तर अँटेना पाहावा. अनेक गाड्यांत छतावरील छोट्या अँटेनाला बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. निळी वायर न जोडल्यास तो मुका राहतो. रिव्हर्स कॅमेऱ्याचे चित्र येत नसेल, तर रिव्हर्स लाइटकडून येणारी वायर आणि सेटिंगमधील कॅमेऱ्याचा प्रकार तपासावा. कॅमेरा एचडी आणि सेटिंग साध्या कॅमेऱ्याची असेल, तरी पडदा कोराच राहतो. वायरलेस अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले ब्लूटूथवर ओळख करून वायफायवर चालतात. त्यामुळे दोन्ही सुरू हवेत. वायरने जोडताना फक्त चार्जिंगची केबल चालत नाही.

नेव्हिगेशन का भरकटते?

आपली जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचा संदेश लागतो आणि तो जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. जीपीएसचा चौकोनी अँटेना कारागिराने स्टिरिओच्या मागे, धातूच्या पट्टीखाली कोंबला, तर तो आकाश पाहूच शकत नाही. त्याची जागा डॅशबोर्डवर काचेजवळ, तोंड वर करून असायला हवी. डॅशकॅम किंवा स्वस्त यूएसबी चार्जर अगदी शेजारी असला, तरी संदेशात गोंधळ होतो. तो काढून पाहणे, ही सर्वांत सोपी चाचणी.

बोगद्यात बाण थांबतो, तो मात्र बिघाड नव्हे. कंपनीच्या काही यंत्रणा चाकांच्या वेगावरून अंदाज बांधत राहतात. बाहेरच्या स्टिरिओला ती माहिती सहसा मिळत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यावरील सुमारे दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यात हा फरक कळतो. कारप्ले-अँड्रॉइड ऑटोत नकाशा फोनवरच चालतो, हेही लक्षात ठेवावे. तिथे स्टिरिओला दोष देण्याआधी फोनमधील लोकेशनची परवानगी पाहावी.

जुन्या नेव्हिगेशन यंत्रांत अचानक चुकीची तारीख दिसण्याचे कारण वेगळे आहे. जीपीएस आठवडे मोजते आणि १,०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे १९.६ वर्षांनी, आकडा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये असे झाले. सॉफ्टवेअर अद्ययावत न केलेली काही यंत्रे त्यामुळे मागच्या काळात गेली. उपाय फक्त अपडेट, आणि तो मिळत नसेल तर ते यंत्र तारखेपुरते निकामी.

जोडणी कितीही चोख असली, तरी नकाशा चुकू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ नकाशा पाहत निघालेली गाडी अर्धवट पुलावरून नदीत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पडद्यावरचा रस्ता आणि समोरचा रस्ता जुळत नसेल, तर समोरचाच खरा.

बाहेरचा स्टिरिओ बसवला की वॉरंटी रद्द?

सरसकट नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुट्या भागांच्या बाजारातील मक्तेदारीविषयीच्या या आदेशात वॉरंटीचाही मुद्दा होता. ग्राहकाने बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले म्हणून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट कंपन्यांनी घालू नये आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असा त्याचा आशय होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि न्यायालयीन लढाई पुढे वर्षानुवर्षे चालली. तरीही ग्राहकाने पकडायचा धागा हाच.

व्यवहारात याचा अर्थ असा, की स्टिरिओ बदलला म्हणून क्लचची किंवा सस्पेन्शनची वॉरंटी नाकारता येणे अवघड. पण मूळ वायरिंग कापलेले असेल आणि बिघाड विजेचा असेल, तर कंपनीची बाजू भक्कम होते. म्हणूनच कप्लर न कापण्याला इतके महत्त्व. वॉरंटी नाकारल्यास कारण लेखी मागावे. कोणत्या जोडणीमुळे कोणता भाग बिघडला, हे त्यात यायला हवे. दाद मागण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

विमा कंपनी भरपाई देते का?

इथे सर्वाधिक गफलत होते. विम्यातील गाडीचे मूल्य कंपनीच्या जाहीर किमतीवरून ठरते. बाहेरून बसवलेला स्टिरिओ त्यात धरलेला नसतो. तो चोरीला गेला किंवा अपघातात फुटला, तर मूळ पॉलिसीतून त्याची भरपाई अपेक्षिता येत नाही. त्यासाठी ‘आयएमटी २४’ नावाचे वेगळे कलम पॉलिसीत जोडून घ्यावे लागते. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकानुसार त्यासाठी वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता होता. म्हणजे २५ हजारांच्या यंत्रणेसाठी वर्षाला हजार रुपये. आपल्या कंपनीचा दर विचारून घ्यावा. त्यासाठी पक्के बिल लागते आणि बिनबिलाच्या स्वस्त सौद्याचा खरा तोटा इथे दिसतो.

आगीचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते. मात्र यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्यातून वगळलेला असतो आणि गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अट मालकावर असते. सर्वेक्षकाला मूळ कापलेले वायरिंग, फ्यूजऐवजी तार आणि पॉलिसीत न नोंदवलेला अॅम्प्लिफायर दिसला, तर दावा वादात अडकू शकतो. त्या वेळी दुकानदार जबाबदारी घेत नाही आणि बिल नसेल तर ती त्याच्यावर टाकताही येत नाही.

कायद्यात काय तरतूद?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. स्टिरिओची नोंद त्यात नसल्याने केवळ तो बदलणे हा सहसा अडचणीचा मुद्दा होत नाही. अडचण होते ती वापरामुळे. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार चालकाने गाडी चालवताना चित्रपट किंवा व्हिडीओ पाहणे निषिद्ध आहे. अपवाद फक्त मार्ग शोधण्याचा. हातातील फोनही ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो.

स्टिरिओत हँडब्रेकची एक वायर असते. हँडब्रेक ओढल्याशिवाय व्हिडीओ सुरू होऊ नये, हा तिचा उद्देश. अनेक ठिकाणी ग्राहकाने न सांगताच ती थेट अर्थिंगला जोडून हे कुलूप काढले जाते. तसे करू नका, असे आधीच सांगायला हवे.

दुकानातून निघण्यापूर्वी काय पाहावे?

कामाआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. कप्लर कापायचा नाही, काढलेला मूळ स्टिरिओ घरी न्यायचा आणि जीएसटीसह पक्के बिल घ्यायचे, ज्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक असेल. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये दाखवलेली रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती स्वस्त यंत्रांत फुगवलेली असू शकते. हार्डवेअर तपासणारे एखादे अॅप टाकून पडताळणी करता येते. डॅशबोर्ड बंद करण्यापूर्वी जोडणीचे फोटो काढावेत. पुढे वाद झाला तर तेच पुरावा ठरतात.

काम झाल्यावर घाई न करता इंजिन सुरू करून हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, रिव्हर्स सेन्सरचा आवाज, स्टिअरिंगवरील बटणे आणि डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा तपासावा. हा दिवा विझत नसेल तर गाडी तशीच नेऊ नये. त्याच आठवड्यात बिल विमा कंपनीला पाठवावे. आणि गाडी विकताना स्टिरिओ फॅक्टरी रिसेट करावा, कारण आपली फोनबुक, घराचा पत्ता आणि लॉग-इन केलेली खाती त्यात राहिलेली असतात.